धरून ठेवायचा सूर

मार्च महिन्यावर माझा राग आहे. इथल्या, म्हणजे मॅसेच्युसेट्सच्या मार्चवर. जानेवारीचं एक बरं असतं. तो तोंडावर सांगतो की मी थंड आहे, गुपचूप घरात बस. मार्च तसला सरळ नाही. सकाळी लख्ख ऊन दाखवतो, माणूस भुलून पातळ जॅकेट घालून बाहेर पडतो आणि दुपारी रूट नाइनवर गाडीच्या काचेवर बर्फ. दुकानांच्या पार्किंगमध्ये लोटून ठेवलेले बर्फाचे ढीग काळेठिक्कर पडतात, रोज थोडे थोडे वितळतात, आणि त्यांच्यातून हरवलेले हातमोजे, कॉफीचे कप, एकदा तर चक्क एक शॉपिंग कार्ट बाहेर आली. सगळीकडे चिखल. त्यात आमच्या शेजारचा म्हातारा मेपलच्या बुंध्यांना भोकं पाडून पत्र्याच्या बादल्या टांगतो. दिवसा ऊन आणि रात्री गारठा असला की झाडातला रस उतरतो म्हणे. रिकाम्या बादलीत पहिले थेंब पडतात तेव्हा टण टण वाजतं, आणि ते आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतं.

परवा ते टण टण ऐकलं आणि मी स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. मागच्या वर्षी हेच दिवस होते. ईराच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, गळ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, आणि तिचा आवाज राहील की जाईल हे कोणालाच सांगता येत नव्हतं. आता वर्ष होत आलं. आवाज गेला तो अजून परतलेला नाही. "वर्षभर वाट बघू," असं डॉक्टर म्हणाली होती. वाट बघण्याचं वर्ष कसं सरतं हे कोणी सांगत नाही. सुरुवातीला ते खूप मोठं वाटतं, आणि आता शेवटी शेवटी वाटतं, अहो थांबा जरा, आणखी थोडं द्या.

ईरा आमची एकुलती एक. ती कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सला होती आणि मी खुशीत होतो. इथल्या मराठी मंडळात कोणी विचारलं की मान आपोआप ताठ व्हायची. एका थँक्सगिव्हिंगला घरी आली आणि जेवताना म्हणाली, "बाबा, मी मेजर बदललं. म्युझिक घेतलं."

"कुठलं म्युझिक?"

"मेडीव्हल. युरोपातलं. आठशे-हजार वर्षांपूर्वी चर्चमध्ये गायचे ते."

"आणि नोकरी कोण देणार? पोप?"

माझी बायको सुनंदा म्हणाली, "अहो, तिला आधी जेवू द्या." सुनंदाचं प्रत्येक प्रश्नाला हेच उत्तर असतं, आणि पुष्कळदा ते बरोबर असतं. पुढे ईराला नोकरी लागली. पोपनं नाही, बॉस्टनजवळच्या एका शाळेनं दिली. मुलांना गाणं शिकवायची, आणि संध्याकाळी स्वतःचं गायची. मराठी मंडळातले देसाई मला दर गणपतीत विचारायचे, "मुलगी गाते म्हणजे काय, ऑपेरा का?" मी सांगायचो, "ऑपेरा फार नंतरचा हो." "मग बॅले?" "देसाई, तुम्ही मोदक घ्या."

मी गाणं ऐकणारा माणूस. गाणारा नव्हे, ऐकणारा. तरुणपणी सोलापुरात रात्र रात्र मैफिली ऐकल्यात, पहिल्या रांगेच्या मागच्या रांगेत बसून. त्यामुळे लेकीचं गाणं आपल्याला कळलंच पाहिजे असा माझा हट्ट. ती वीकेंडला घरी आली की गाडीत तिचं ते संगीत लावायची, आणि मी परीक्षेला बसल्यासारखा ऐकायचो. दहा-बारा माणसं मिळून एकच ओळ गातायत. तबला नाही, पेटी नाही, काही नाही.

"सम कुठाय?"

"सम नाहीये, बाबा. शब्दांचा श्वास जेवढा, तेवढीच लय."

"समेशिवाय गाणं म्हणजे जिन्याला शेवटची पायरीच नाही! माणसानं पाय ठेवायचा कुठं?"

"ठेवायचाच नाही," ती हसत म्हणायची. "डोन्ट स्टेप. जस्ट ऐक."

ऐकता ऐकता कान तयार झाला. काही ठिकाणी एका अक्षराला एकच सूर, आपण लहानपणी परवचा म्हणायचो तसं सरळसोट. काही ठिकाणी एका अक्षराला दोन-चार. आणि काही ठिकाणी एकाच अक्षरावर गळा असा काही फिरत राहायचा की मूळ शब्द कोणता होता ते विसरायला व्हायचं. ते मला लगेच आवडलं. ही तर आपली तान, मी म्हटलं, जरा सोवळ्यातली. मग तिनं मला पुढचं ऐकवलं. कोणे एके काळी तिथल्या गाणाऱ्यांनी काय केलं, त्या जुन्या ओळीतला एकेक सूर धरून ठेवला. इतका वेळ धरला की ती ओळ ओळखूच येईना. आणि त्या धरलेल्या सुरावर दुसरा आवाज मोकळा सोडला.

"अगं, हा तर तानपुरा!"

"नॉट एग्झॅक्टली, बाबा. खालचा सूर बदलतो. फक्त खूप वेळानं बदलतो."

"मग साधारण तानपुरा म्हण."

"ओके. साधारण तानपुरा." एवढी मान्यता मिळाल्यावर मला कोण आनंद झाला होता. त्याच्याही पुढचा एक प्रकार होता, त्यात तीन जण एकाच वेळी तीन निराळी गाणी गातात. एक लॅटिनमध्ये देवाचं, दुसरा फ्रेंचमध्ये प्रेयसीचं, तिसरा आणखी कशाचं. मी म्हटलं, हे मला समजावू नकोस, मी मंडळाच्या कमिटीवर होतो.

ईराचा जीव त्या दुसऱ्या प्रकारात होता. खाली धरलेला सूर, वर ती. तिचा आवाज भारी-बिरी नव्हता. बारीक, सरळ, स्वच्छ धुतलेल्या काचेच्या पेल्यासारखा. आवाज मोठा केलेला मी कधी ऐकला नाही, पण तो खोलीत कुठंही बसलं तरी ऐकू यायचा.

मग मागच्या वर्षी थंडीत गाठ सापडली. थायरॉइडवर. तपासली तर वाईट निघाली. "वाईटातली चांगली," असं सर्जन म्हणाली. हळू वाढणारी, काढली की बरी होणारी. सुनंदानं तिथंच पदरासारखी ओढणी तोंडावर धरून रडून घेतलं आणि मोकळी झाली. माझं लक्ष मात्र पुढच्या वाक्यावर होतं. गाठ जिथं होती तिथूनच आवाजाची नस जाते, आणि नस गाठीला चिकटलेली आहे की नाही ते उघडल्याशिवाय कळणार नव्हतं.

माझा जन्म पंपांमध्ये गेला. शहरांना पाणी पुरवणारे मोठाले पंप, त्यांचे पाइप, त्यांच्या झडपा. कुठल्या झडपेतून गळतंय ते मी पाइपाला तळहात लावून सांगायचो, पोरं मीटर घेऊन येईपर्यंत माझं निदान झालेलं असायचं. सर्जननं पडद्यावर चित्र दाखवलं. गळ्यात दोन पातळ झडपा. बोलताना, गाताना त्या मिटतात आणि थरथरतात. नस दुखावली तर एक झडप उघडीच राहते आणि हवा गळते. एवढं सोपं यंत्र! मी सर्जनला विचारलं, "नस आणि गाठ यांच्यात क्लिअरन्स किती आहे?"

"बाबा, प्लीज," ईरा म्हणाली.

सर्जन बाई चांगली होती. हसली नाही. "आत गेल्यावर कळेल," म्हणाली, "मी जपून करीन." मी मान डोलावली. दुसरं काय करणार? आयुष्यभर दुसऱ्यांची गळती थांबवली, आणि पोरीच्या गळ्यातल्या दोन झडपांसाठी मला एका परक्या बाईकडे बघून नुसती मान डोलवायची होती.

ऑपरेशनची तारीख लेंटमध्ये आली, म्हणजे ईस्टरच्या आधीचे जे उपासाचे चाळीस दिवस असतात त्यांच्यात. ईरा शाळेतून रजा घेऊन घरी आली, आणि वुस्टरच्या एका दगडी चर्चमध्ये दर मंगळवारी संध्याकाळी तालमीला जाऊ लागली. तिथल्या हौशी मंडळींचा एक कॉयर, म्हणजे एकत्र गाणाऱ्यांचा ताफा आहे, ती तिथं आधीपासून गायची. तिला गाडी येते, माझ्यापेक्षा बरी येते. पण त्या महिन्यात मी हट्टानं ड्रायव्हर झालो. तळ्यावरचा पूल ओलांडून तिला चर्चला न्यायचं, मागच्या बाकावर कोट न काढता बसायचं, परत आणायचं. तिच्यासाठी करण्यासारखं माझ्या हातात तेवढंच होतं.

कॉयरची म्होरकी मार्गारेट. सत्तरी उलटलेली, पाठ ताठ, शाळेतून रिटायर झालेली आणि ते न विसरलेली. तिची एक शिस्त होती. लेंटमध्ये 'आलेलुया' हा शब्द गायचा नाही अशी तिकडची जुनी रीत आहे. आनंदाचा शब्द, म्हणून तो चाळीस दिवस उचलून ठेवायचा आणि ईस्टरच्या सकाळी बाहेर काढायचा. आता ईस्टरला तो गायचा तर तालीम आधीच करायला हवी, म्हणून बाकीचे कॉयर तालमीत खुशाल म्हणतात. मार्गारेट नाही. तिच्याकडे तालमीतही शब्द काढायचा नाही, सगळी चाल नुसत्या 'आ'वर बसवायची. आम्हा लोकांना 'आ'कार नवा नाही. पण एक अख्खा शब्द दाराबाहेर उभा करून त्याचं गाणं आत बसवायचं, ही गंमतच होती.

वरचा आवाज ईराचा होता. आणि ईस्टर ऑपरेशननंतर येत होता. म्हणजे काहीही झालं तरी ती ते गाणं ईस्टरला गाऊ शकणार नव्हती, हे तिला माहीत होतं, मार्गारेटला माहीत होतं, सगळ्यांना माहीत होतं. गाडीत एकदा मी न राहवून विचारलं, "मग तू तालमीला जातेस कशाला?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "कारण आत्ता येतंय," म्हणाली.

मी वायपर चालू केले.

आता तो प्रसंग सांगतो, कारण नाही सांगितला तर सुनंदा सांगेल आणि ती वाढवून सांगते. तिसरा की चौथा मंगळवार. बाहेर गारा पडत होत्या. आत खालच्या मंडळींनी सूर धरला, आणि ईरा निघाली. काय गायली पोरगी! एका जागी ती वर गेली, तिथून खाली येईल असं वाटलं, आलीच नाही, तिथंच हलके हलके फिरत राहिली, आणि मग इतक्या सावकाश धरलेल्या सुराला येऊन भिडली की माझ्या तोंडातून सणसणीत आवाजात गेलं, "वाह! क्या बात है!" हातही वर गेला.

अहो, ते दगडी चर्च. माझा 'वाह' छतावर जाऊन परत आला. गाणं बंद. पंधरा-वीस माणसं वळून माझ्याकडे बघतायत, मार्गारेटचा हात हवेत तसाच. आणि पहिल्या रांगेतली एक धिप्पाड बाई, ती पेशानं नर्स होती हे मागून कळलं, धावत माझ्याकडे आली, मला बाकावर आडवं करायला लागली आणि कॉलर सोडायला लागली. त्यांना वाटलं म्हातारा गेला! हार्ट अटॅक! कोणीतरी पाणी आणलं, कोणीतरी फोन काढला. मी आपला सांगतोय, "नो नो, व्हेरी गुड, व्हेरी गुड," आणि ती नर्स म्हणतेय, "सर, डोन्ट टॉक."

ईरानं सांगितलं, "ही इज फाइन. त्यांना आवडलं, एवढंच." तरी नर्सनं माझी नाडी बघितलीच.

परतीच्या वाटेवर पूल लागला आणि ईरा हसायला लागली ती थांबेचना. "बाबा, इथं टाळीसुद्धा नसते, यू नो. शेवटीपण नसते." मी म्हटलं, हे तुमचं चुकतंय. आमच्यात गाणाऱ्यानं जीव ओतला आणि ऐकणारा गप्प बसला, तर गाणारा घरी जाऊन विचारतो, कुणी मेलं होतं का तिथं. मला आजही वाटत नाही की माझं काही चुकलं. चांगल्या सुराला चांगलं म्हणायला परवानगी कसली? हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, मग हसणं थांबलं तरी पाणी येतच राहिलं. मी एका हातानं टिश्यूचा डबा पुढे केला आणि रस्त्याकडे बघत राहिलो.

शेवटच्या मंगळवारी, ऑपरेशनच्या आधीच्या, मार्गारेटनं आपणहून नियम मोडायची तयारी दाखवली. सगळे निघत होते तेव्हा तिनं ईराला बाजूला घेतलं. ती इंग्लिशमध्ये बोलली, मी आपल्या भाषेत सांगतो. "आज तुला हवा तर शब्द घेऊन गा. एकदा. मी कोणाला सांगणार नाही."

ईरानं जरा विचार केला. मी तिथंच तिचा कोट धरून उभा होतो. मनात म्हणत होतो, गा गं बाई, गाऊन घे.

"नको," ती म्हणाली. "पुढच्या ईस्टरला घेईन."

ऑपरेशन चांगलं झालं. हे वाक्य मी कितीतरी लोकांना फोनवर सांगितलंय. गाठ पूर्ण निघाली. नस गाठीला गुंडाळलेली होती, सर्जननं ती तासन्‌तास जपून सोडवली, कापली नाही. नस शाबूत आहे, पण काम करत नाहीये. "झोपली आहे," बाई म्हणाली. "जागी होऊ शकते. वर्षभर वाट बघू." कोणाची चूक नाही, निष्काळजीपणा नाही, भांडायला माणूस नाही. माझ्यासारख्या भांडखोराला याहून मोठी शिक्षा नाही. ईराची शुद्ध आली तेव्हा ती माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली आणि नुसती हवा आली. पुन्हा म्हणाली. पुन्हा हवा. मग तिला कळलं. तिच्या चेहऱ्यावर ते कळताना मला दिसलं, आणि मी तिच्या पायावरचं ब्लँकेट सारखं करत बसलो, जे सारखंच होतं.

चार दिवसांनी पाडवा होता. सुनंदानं दरवर्षीसारखी डेकवर गुढी उभी केली, कडुलिंब इंडियन स्टोअरमधून, काठी झाडूची. "पोर वाचली हो," असं म्हणून तिनं हात जोडले. तिचं बरोबर आहे. जीव वाचला, आवाजाचं काय घेऊन बसलात, असं सगळेच म्हणाले. देसाई म्हणाले, सोलापूरहून बहीण म्हणाली. मी पण हात जोडले. पण खरं सांगू? मला त्या दिवशी देवाचे आभार मानवले नाहीत. पोर दिलीस, तिच्यातलं गाणं काढून घेतलंस, आणि वर आम्ही श्रीखंड खायचं.

आता ती बोलते, अगदीच मुकी नाही. घोगरा, वाऱ्यासारखा आवाज. दोन-तीन शब्द, श्वास, पुन्हा दोन-तीन शब्द. शाळेत आता वर्गात उभी राहत नाही, ऑफिसात बसते, आणि राहते आमच्याकडेच. फोनवरच्या मशीनला तिचं बोलणं कळत नाही. मशीन पुन्हा पुन्हा विचारत राहतं, आणि ती शेवटी फोन ठेवून देते. ड्राइव्ह-थ्रूला गेलो की ती मला हळू सांगते आणि मी तिच्या अंगावरून ओणवा होऊन त्या खांबाला ओरडून सांगतो, "मीडियम कॉफी! ओट मिल्क!" पलीकडचा मुलगा म्हणतो, "नो नीड टू येल, सर." मला येल करायचंच असतं. तेवढंच कुठंतरी ओरडायला मिळतं.

व्यायाम करते, थेरपिस्टकडे जाते, वाफ घेते. सुनंदा ज्येष्ठमध देते, मी काहीतरी वाचून काहीतरी सुचवतो आणि दोघींचा ओरडा खातो. जुनी रेकॉर्डिंग तिनं सगळी बंद करून ठेवलीत. "मला नाही ऐकायचं," म्हणाली, तेव्हापासून घरात कोणी लावत नाही. पुढची अपॉइंटमेंट ईस्टरनंतर आहे. तोवर झडप हलली नाही तर इंजेक्शन देऊन ती फुगवायची. त्यानं बोलणं बरंच सुधारेल म्हणतात. गाण्याबद्दल डॉक्टर काही बोलत नाही, आणि आम्ही विचारत नाही.

आणि मार्च पुन्हा आला. बादल्या टांगल्या गेल्या, ढीग काळे पडले, लेंट लागला. ती म्हणाली होती तो पुढचा ईस्टर हाच.

गेल्या रविवारी मार्गारेट घरी आली, बनाना ब्रेड घेऊन. सुनंदानं आल्याचा चहा केला, मार्गारेटनं तो धीरानं प्यायला. मग मुद्द्यावर आली. कॉयरमध्ये हॅना नावाची नवी मुलगी आलीय, आवाज चांगला आहे. वरची ओळ तिला द्यायची आहे. "पण तिला ती वळणं शिकवणार कोण? मला नोट्स माहीत आहेत. वळणं तुला माहीत आहेत."

"मी गाऊन कसं दाखवू?" ईरा त्या हवेच्या आवाजात म्हणाली.

मार्गारेटनं आपला डावा पंजा ईरासमोर उघडा धरला आणि उजव्या हाताचं बोट अंगठ्याच्या टोकावर ठेवलं. ईरानं ओठ घट्ट मिटले. "नो," म्हणाली, आणि उठून वर गेली.

मला मार्गारेटचा संताप आला. जखमेवर मीठ चोळायला बनाना ब्रेड घेऊन यायची काय गरज होती? जाताना दारात ती माझ्याकडे वळली आणि माझा दंड दाबून गेली. तिचे डोळे लाल होते. मग माझा राग गेला, आणि राग गेल्यावर तर मी अगदीच रिकामा झालो.

काल दुपारी खाली आलो तर ईरा डायनिंग टेबलाशी बसली होती. डावा हात समोर उघडा, उजव्या हाताचं बोट एका पेरावरून दुसऱ्या पेरावर. मी म्हटलं, "जप करतेस की काय?" आमची आई अशीच पेरं मोजायची.

"हा त्यांचा कागद... बाबा," ती म्हणाली. थांबत थांबत सांगू लागली. मठातल्या नव्या पोरांना गाणं वाचता यायचं नाही. मग गुरू हात वर धरायचा. प्रत्येक पेराला एक सूर नेमलेला. अंगठ्याच्या टोकाला सगळ्यात खालचा. तिथून खाली उतरायचं, बोटांच्या मुळांवरून जायचं, करंगळीवर चढायचं, आणि असं गोल गोल आत. गुरूनं नुसतं बोट फिरवायचं, पोरांनी गायचं. गुरूला तोंड उघडावंच लागायचं नाही.

"मला बघायचंय... जमतं का. मग मार्गारेटला... सांगेन." तिनं माझ्याकडे बघितलं. "तू गा."

"मी?"

"आई कामावर आहे."

पासष्टीत माझ्यावर ही वेळ. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! तिनं टेबलावरच्या आपल्या छोट्या कीबोर्डवर एक सूर दाबून दिला, मी तो लावला, तिचं बोट पुढच्या पेरावर गेलं आणि मी कुठंतरी तिसरीकडेच गेलो. तिनं मान हलवली. पुन्हा. पुन्हा तेच. मैफिलीतल्या चांगल्या चांगल्या गवयांना मी नावं ठेवलीत, पण समोर दोन पेरं आली तर मला चढता येईना. माझ्या गळ्यातल्या दोन्ही झडपा ठणठणीत. दिवसभर त्या उघडतात, मिटतात, देसाईंशी वाद घालतात, वेटरवर ओरडतात. काय उपयोग त्यांचा! काढून देता आल्या असत्या तर त्याच टेबलावर काढून दिल्या असत्या.

"सोड," ती म्हणाली. रागावली नव्हती. "तू खालचा धर. एकच सूर. बदलायचा नाही." पुन्हा तो सूर दाबला. मी 'आ' लावला. तिनं कान देऊन ऐकलं, बोटानं जरासं वर म्हणून खुणावलं, मी जरासा वर सरकलो, आणि तिनं मान डोलावली. लागला. माझा सूर लागला होता.

तिनं डोळे मिटले आणि तिचं बोट निघालं.

करंगळीवरून अनामिकेवर, तिथून मधल्या बोटाच्या टोकाला, खाली, पुन्हा वर. मला हात वाचता येत नाही, पण हे काय चाललंय ते मला कळलं. मागच्या लेंटमध्ये मागच्या बाकावर बसून मी ते इतक्यांदा ऐकलं होतं. इथं ती वर जायची. इथं खाली येईल असं वाटायचं आणि यायची नाही. बोट त्याच दोन पेरांवर हलके हलके फिरत होतं. तिचं तोंड उघडलं होतं. श्वास जात होता, येत होता, छाती वर होत होती, आणि ऐकू येत होता तो फक्त माझा तो एक जाड, ओबडधोबड सूर.

चर्चमध्ये खालचा सूर धरणारे पाच-सहा जण असतात. एकाचा श्वास संपत आला की तो हळूच थांबतो, शेजारचा धरून ठेवतो, त्यामुळे सूर तुटत नाही. इथं मी एकटाच. दम संपत आला. मी पोट आवळलं, आणखी थोडा ताणला. मनात म्हटलं, तिचं होऊ दे, एवढं तिचं होऊ दे. पण डोळे भरून आले, आणि डोळे भरले की गळा मिटतो, तसा मिटला. सूर तुटला.

तिचं बोट थांबलं. अनामिकेच्या मधल्या पेरावर, जिथं होतं तिथंच. तिनं डोळे उघडले नाहीत, हात खाली घेतला नाही. वाट बघत बसली.

मी बाहीनं नाक पुसलं, छातीभर श्वास घेतला आणि सूर पुन्हा लावला. आणि त्या पेरावरून तिचं बोट पुढे निघालं.